जगदेव कंडक्टरची कावीळ

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५.
थंडी पडू लागली. नळ सव्वासातला आला, पाऊण तास होता. तुळशीच्या लग्नाचे ऊस अंगणात तसेच होते, ते काढून ठेवले. जगदेवभाऊंच्या ओट्यावर आज अकरा माणसे आली. भाऊंनी काळा चष्मा आजही काढला नाही. सोमवारपासून सात दिवस झाले. मोतीबिंदूचे ऑपरेशन उजव्या डोळ्याचे झाले असे मंगळवारी म्हणाले, आज डाव्याचे म्हणाले. पाठ दाराच्या चौकटीला घासत होते. सकाळी दोनदा, दुपारी एकदा. मेथी निवडली.

केनवडच्या कस्तुराबाईंच्या डायरीतली ही नोंद. कस्तुराबाई म्हणजे जुन्या पोस्टमास्तरांच्या मागे राहिलेल्या, वय अठ्ठ्याहत्तर. शाळा अकोल्याच्या कॉन्व्हेंटातली. तिथल्या एका सिस्टरने त्यांच्या हातात नवव्या वर्षी वही दिली आणि सांगितलं, रोज संध्याकाळी लिहायचं, पण जे घडलं तेवढंच. जे वाटलं ते देवाला सांगायचं, वहीला नाही. तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. अलीकडच्या डायऱ्या कृषी केंद्रातून भेट मिळालेल्या, प्रत्येक पानाच्या तळाशी तणनाशकाची जाहिरात. त्या जाहिरातीच्या वर जेवढी जागा उरे तेवढ्यात गल्लीतलं सगळं मावायचं.

आणि गल्लीत सगळ्यात जास्त जागा लागायची ती भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या जगदेव कंडक्टरला.

जगदेवने एकतीस वर्षं रिसोडच्या डेपोत कंडक्टरकी केली. माणूस कोणाचा कोण हे त्याला ठाऊक नसलं तरी कोणत्या थांब्यावर चढतो आणि कुठे उतरतो हे ठाऊक असायचं, आणि त्यावरून तो बाकीचं सगळं ओळखायचा. नोकरीची एक खोड त्याच्या हाडात गेली होती. घराबाहेर पडताना दाराच्या चौकटीवर बोटांच्या पेरांनी दोन टकटक करायचा, म्हणजे गाडी सोडा. परत आला की एक टक, म्हणजे थांबा. बायको होती तोवर त्या एका टकटकीवर ती ताट वाढायला घ्यायची. ती गेल्यावर सून संगीता घेऊ लागली. मुलगा लखन पुण्याकडे कंपनीत, आणि संगीता गावातल्या अंगणवाडीत, त्यामुळे सकाळी घरात जगदेव एकटाच.

कंडक्टरकीपेक्षाही त्याची मोठी ओळख म्हणजे तो कावीळ उतरवायचा. हे बापाकडून आलेलं. दर रविवारी सकाळी ओट्यावर पितळी परात मांडायची, रोग्याच्या तळहाताला आंब्याच्या सालीची पूड चोळायची आणि वरून चुन्याची निवळी ओतायची. हातावरून पाणी पिवळं होऊन परातीत पडायचं, आणि बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. तीन रविवार यायचं. तेल, मिरची, हळद, दारू बंद. ऊस खायचा, पडून राहायचं. पैसा घ्यायचा नाही, फक्त एक नारळ.

बापाने मरायच्या आधी जगदेवला जवळ बसवून एक गोष्ट सांगितली होती, ती त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितली नाही. पाणी सगळ्यांचंच पिवळं होतं. रोगी असो की धडधाकट, साल आणि चुना एकत्र आले की पाण्याला दुसरा रंगच नसतो. मग आपण काय उतरवतो, असं जगदेवने विचारलं. बाप म्हणाला, आपण माणसाला महिनाभर खाटेवर पडायला लावतो अन् त्याची दारू सोडवतो, तेवढं दुसरं कोणाला जमते का ते सांग.

दोन वर्षांपूर्वी जगदेव रिटायर झाला. पहिले काही महिने मजेत गेले. मग हळूहळू तो बसू लागला. आतल्या खोलीत खाट होती, तिच्या कडेला पाय खाली सोडून बसायचा. पहाटे चारला उठून बसायचा आणि संगीता अंगणवाडीतून परत आली तरी तिथेच. जेवण निम्मं. रविवारी परात मांडायचा, पण लोकांशी दोन शब्द बोलायचा नाही. ज्या माणसाने रोज चारशे लोकांना पुढे सरका म्हटलं, त्याला स्वतःला खाटेवरून पुढे सरकता येईना. हे कशाने होतं तेही कळेना, कारण दुखत काहीच नव्हतं. दुखत असतं तर त्याने कोणाला तरी सांगितलं असतं.

भादव्यात एके दिवशी कस्तुराबाईंनी मेथीची जुडी पाठवली. जुडी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली होती, आणि भाजी काढता काढता जगदेवची नजर कागदावर गेली. मन उदास राहण्याचा आजार असतो, त्याला डॉक्टर असतात, गोळ्या असतात, असं कोणीतरी सोप्या भाषेत लिहिलं होतं. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. योगायोग पाहा, असं त्याला वाटलं.

त्यानंतर आठवड्याने तो वाशीमला गेला. मनाच्या डॉक्टरच्या दवाखान्याला लागूनच डोळ्यांचा दवाखाना होता. कोणी ओळखीचं भेटलं तर काय घ्या, म्हणून तो तासभर डोळ्यांच्या रांगेत उभा राहिला, तिथे नंबर आल्यावर मागच्या दारातून पलीकडे गेला. डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं. रोज रात्री एक गोळी लिहून दिली आणि एक गोष्ट दोनदा बजावली. गोळी चांगली आहे, पण क्वचित कोणाच्या लिव्हरला ती मानवत नाही, म्हणून रक्त तपासत राहायचं. पहिलं रक्त त्यांनी तिथेच घेतलं. पुढचं तीन आठवड्यांनी आणि मग सहा आठवड्यांनी, गावातच द्या, म्हणून चिठ्ठी लिहून दिली.

गोळीने काम केलं. दसऱ्याच्या सुमाराला जगदेव एका सकाळी उठला आणि त्याला चहाचा वास आला. एवढंच. पण गेलं वर्षभर चहाला वास नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली. दिवाळीत चौकटीवर दोन टकटक करून तो स्टँडवर गेला आणि पाटलाच्या टकलावरून असा विनोद करून आला की पाटील दोन दिवस टोपी घालून फिरला.

चिठ्ठी मात्र देव्हाऱ्यात बालाजीच्या फोटोमागे गेली ती तिथेच राहिली. आणि याला कारण किशन.

किशनची रक्ततपासणीची लॅब ऐन स्टँडसमोर. दार काचेचं, आत खुर्ची, खुर्चीमागे भिंतीवर लिव्हरचं भलंमोठं तपकिरी चित्र. जो कोणी त्या खुर्चीत बसला तो पन्नास लोकांना दिसायचा. किशन हुशार पोरगा, पण जिभेने तिखट. चार वर्षांपासून चहाच्या टपरीवर जगदेव दिसला की दोन्ही तळहात पुढे करून म्हणायचा, काका, मले कावीळ नाही, माह्या हाताचं पाणी पिवळं करून दाखवा. जगदेव हसण्यावारी न्यायचा आणि चहा अर्धा टाकून उठायचा. आता त्याच किशनच्या खुर्चीत, त्या लिव्हरखाली, कावीळ उतरवणाऱ्याने लिव्हरचं रक्त द्यायला बसायचं, म्हणजे बापाची परात स्टँडवर आपल्या हाताने पालथी घालायची. शिवाय रक्त कशासाठी, तर गोळीसाठी. गोळी कशासाठी, तर डोक्यासाठी. गावात हे इथून सुरू होऊन कुठे थांबेल ते त्याला कंडक्टर असूनही सांगता आलं नसतं. तीन आठवडे झाले, सहा होत आले. तब्येत तर छान आहे, असं म्हणून त्याने दोन्ही थांबे सोडून दिले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अंगाला खाज सुटली. आधी तळपायाला, मग पाठीला. पाठीला हात पोचेना म्हणून तो चौकटीला पाठ लावून वरखाली घासू लागला. जेवणावरची इच्छा गेली, लघवी गर्द झाली. आणि तीन नोव्हेंबरच्या सकाळी दाढी करताना त्याने आरशात पाहिलं. तीस वर्षं तो लोकांच्या पापण्या ओढून डोळे बघत आला होता. असे डोळे त्याने दोन-अडीच हजार तरी पाहिले असतील. आरसा खाली ठेवून त्याने लखनचा मोटारसायकलवरचा काळा चष्मा शोधून काढला.

त्या दिवशी संगीता कामावर गेल्यावर त्याने कडी लावून परात मांडली आणि स्वतःचे हात स्वतः धुतले. पाणी पिवळं पडलं. बापाने सांगितलेली गोष्ट आठवून त्याला पहिल्यांदा बापाचा राग आला.

काय झालंय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. डॉक्टरबाईंचे शब्द त्याला पाठ होते. पण गोळीचं नाव काढलं की गोळी बंद होणार, आणि गोळी बंद झाली की ती खाट. कावीळ झालेला माणूस निदान बरा होतो. खाटेवर बसलेल्या माणसाचं काय होतं ते त्याने वर्षभर पाहिलं होतं. म्हणून तो रोज रात्री गोळी घेत राहिला आणि रोज सकाळी चष्मा घालत राहिला.

चष्म्याचा त्रास वेगळाच झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हटल्यावर बायका शिरा घेऊन येऊ लागल्या. तुपाच्या वासाने त्याला मळमळायचं, आणि न खाल्लं तर विचारणा. त्यात कोणत्या डोळ्याचं, हे तो दरवेळी नव्याने ठरवायचा.

नऊ तारखेच्या त्या रविवारी रिठदच्या चंपाबाई नवऱ्याला घेऊन आल्या. नवऱ्याचं नाव रतनसिंग, पण त्याचं बोलणंही चंपाबाईच करायच्या. त्यांचा तो तिसरा रविवार. रतनसिंगच्या हातावरून पाणी पडलं. चंपाबाई परातीवर वाकून बराच वेळ बघत राहिल्या, मग त्यांची नजर पाणी ओतणाऱ्या हातावर गेली.

“कंडक्टर,” त्या म्हणाल्या, “याचे हात आता गोरे पडले. तुमचेच हात पाण्यापरीस पिवळे दिसून राह्यले.”

जगदेव म्हणाला की पुडीचा रंग असतो, तीस वर्षांचा बसलेला.

“मागच्या ऐतवारी नव्हता बसला,” चंपाबाई म्हणाल्या. “चष्म्यातून तुमाले दिसत नसन.”

ओट्यावर माणसं होती. सगळ्यांनी आपापल्या हातांकडे पाहिलं आणि मग त्याच्या. जगदेवने हात धोतरात पुसले आणि उरलेल्या लोकांना भराभर उरकून आत गेला.

संध्याकाळी कस्तुराबाई डायरी लिहून झाल्यावर पपईच्या फोडी घेऊन आल्या. ताटली ठेवली, समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “जगदेवभाऊ, चष्मा काढा.”

डॉक्टरांनी पंधरा दिवस काढू नका सांगितलंय, असं तो म्हणाला.

“कोणत्या डोळ्याच्या?”

त्याने आधी उजव्या काचेला हात लावला, नंतर डाव्या. मग त्याने चष्मा काढला. कस्तुराबाईंनी त्याचे डोळे पाहिले, उठल्या, आपल्या घरी गेल्या. आता त्या गावभर सांगतात की काय असं त्याला वाटलं, तेवढ्यात त्या डायरी घेऊन परत आल्या आणि सकाळी सातच्या गाडीने वाशीमला जायचं आहे असं सांगितलं. कुठल्या डॉक्टरकडे, असं त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, ज्यांच्याकडे तुम्ही पंधरा सप्टेंबरला गेला होता त्यांच्याकडे.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. गोळी, चिठ्ठी, किशन. शेवटी तो म्हणाला, “वहिनी, या गोळीनं मले परत माणसात आणलं. हे बंद केली तं मी पुन्हा त्या खाटेवर जाऊन बसतो. थे आता मले नाही जमणार.”

“लिव्हर गेलं तर बसायलासुद्धा मिळायचं नाही,” कस्तुराबाई म्हणाल्या. “पपई खा.”

सोमवारी डॉक्टरबाई सुटीवर आहेत असं कळलं, म्हणून मंगळवारी निघाले. गाडीवर कंडक्टर गोविंदसिंग, जगदेवच्या हाताखाली शिकलेला. त्याने चष्म्याची चौकशी केली आणि वाशीमला काय काम विचारलं. जगदेव म्हणाला, वहिनींचा गुडघा. कस्तुराबाई खोटं बोलत नसत. गुडघा दुखतो हे खरं आहे, एवढं म्हणून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. पण तेवढ्याने अख्खी गाडी बोलू लागली. वाशीमपर्यंत लोकांनी गुडघ्याचे नऊ उपाय सांगितले, आणि कस्तुराबाईंनी सगळे उतरवून घेतले, त्यात एक उंटाच्या लिदीचा होता.

रिठदच्या थांब्यावर आणखी एक प्रकार घडला. गाडी उभी होती, माणसं चढून झाली. जगदेव दाराजवळच्या सीटवर, आपल्याच विचारात. माणसं चढली, दार लागलं, तसा त्याचा हात आपोआप वर गेला आणि त्याने घंटीची दोरी दोनदा ओढली. गाडी सुटली. अर्धा किलोमीटर गेल्यावर मागून कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून हातात चहाचा कागदी कप घेतलेला गोविंदसिंग आला. जगदेवने माफी मागितली. गोविंदसिंग म्हणाला, काका, एकतीस वर्षांत तुमी मले कधी चहा पिऊ देला, का आता देसान.

दवाखान्यात या खेपेला जगदेव डोळ्यांच्या रांगेत उभा राहिला नाही, कारण कस्तुराबाईंनी त्याची बाही धरली होती.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढायला लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. रक्त लगेच घ्यायला लावलं. मग विचारू लागल्या. गोळी नक्की कधी सुरू केली, एखाद्या रात्री चुकली का, खाज कधी सुरू झाली, भूक कधी गेली, दारू घेता का, दुसरं काही औषध. जगदेवला पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या, यातलं काहीच सांगता येईना. साधारण दिवाळीत, असं तो म्हणाला.

कस्तुराबाईंनी चष्मा नाकावर ठेवून डायरी उघडली आणि कॉन्व्हेंटात धडा वाचतात तशी सरळ बसून वाचू लागल्या.

“अठ्ठावीस जुलै. जगदेवभाऊंनी आज चौकटीवर वाजवले नाही. एकोणतीस जुलै. वाजवले नाही. तीस जुलै. नाही.” त्यांनी पानं उलटली. “हे असं पुढे आहे. आठ सप्टेंबर. मेथीची जुडी पाठवली. कागद आरोग्याच्या पानाचा. पंधरा सप्टेंबर. भाऊ सातच्या गाडीने वाशीमला, इस्त्रीचा सदरा. चार ऑक्टोबर. सकाळी साडेआठला दोन टकटक. चोवीस ऑक्टोबर. भाऊ पाठ चौकटीला घासत होते. सत्तावीस ऑक्टोबर. संगीताने भाऊंचे ताट तसेच परत नेले. तीन नोव्हेंबर. काळा चष्मा. दारू एकदाही नाही, मी लिहिली असती.”

जगदेव खाली मान घालून बसला होता. मेथीच्या जुडीपाशी त्याने मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली.

डॉक्टरबाईंनी तारखा लिहून घेतल्या. झाडपाल्याचं काही औषध घेतलं का, हा प्रश्न राहिला होता. जगदेव म्हणाला, “देतो. घेत नाही.” मग त्यांना तेही सांगावं लागलं, रविवार, परात, किशन, सगळं. डॉक्टरबाईंनी आपला चष्मा काढला आणि तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

दुपारी रिपोर्ट आला. जो आकडा चाळीसच्या आत हवा तो आठशेच्या वर होता. त्यांनी समोरच्या पोटविकाराच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोटाची सोनोग्राफी केली, काविळीच्या इतर सगळ्या तपासण्या केल्या. दुसरं काही सापडलं नाही. गोळीचंच होतं. गोळी त्याच दिवशी बंद. बरं होईल, असं त्या म्हणाल्या, वेळेवर आलात, पण सहाव्या आठवड्याचं रक्त दिलं असतंत तर डोळे पिवळे व्हायच्या आधीच कळलं असतं. आता दर आठवड्याला रक्त, आणि आकडा खाली आला की दुसरी गोळी, लिव्हरला सोसणारी. मधल्या दिवसांत दर मंगळवारी त्या स्वतः फोन करतील. अमुक तमुक झालं तर लगेच दाखल व्हायचं, याची यादी त्यांनी लिहिली ती जगदेवच्या हातात दिलीच नाही, कस्तुराबाईंच्या डायरीत ठेवली.

येताना गाडीत रिठदच्या थांब्यावर जगदेवने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मग त्याने विचारलं, “मी वाजवत नव्हतो, हे तुमाले भिंतीपलीकडं समजे?”

“भिंत पातळ आहे,” कस्तुराबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी ओट्यावर गर्दी दुप्पट. चंपाबाईंचा नवरा बरा झाला होता, तरी त्या आल्या होत्या, आणि रिठदचं अर्धं गाव घेऊन आल्या होत्या. जगदेव बाहेर आला, परात पालथीच ठेवली आणि लोकांसमोर काळा चष्मा काढला. त्याने सांगितलं की मला कावीळ झाली आहे. मोतीबिंदू नव्हता. मन बसलं होतं म्हणून गोळी घेत होतो, ती लिव्हरला मानवली नाही, रक्त तपासायला सांगितलं होतं ते लाजेखातर तपासलं नाही. यापुढे जो कोणी येईल त्याने आधी किशनकडून रक्ताचा रिपोर्ट आणावा. डॉक्टरने पडून राहा म्हटलं तर हात धुऊन देईन. दवाखान्यात जा म्हटलं तर दवाखान्यात जायचं.

हे बोलायला त्याने रात्रभर पाठ केलं होतं. आता लोक उठून जातील आणि परात कायमची माळ्यावर जाईल, अशी त्याची तयारी होती.

लोक उठले नाहीत. चंपाबाई पुढे आल्या आणि त्याच्या पायाला हात लावला.

“तीस वर्षं लोकाईची कावीळ उतरवली,” त्या ओट्यावरच्या सगळ्यांना म्हणाल्या. “थे जाईन कुठी? याच्याच आंगात साचली ना.”

जगदेवने गोळीचं पुन्हा सांगितलं. गोळीचं पाकीट आणून दाखवलं. लोकांनी पाकीट पाहिलं, एकमेकांकडे दिलं आणि मान हलवली. मोठ्या माणसाला स्वतःचं सांगणं आवडत नाही, असं एकजण म्हणाला. जगदेव जितकं समजावून सांगे तितकी लोकांची खात्री पटत गेली. आतून ऐकणाऱ्या संगीताला तोंडात पदर धरावा लागला. दुपारपर्यंत गावात झालं, संध्याकाळपर्यंत रिसोडला पोचलं, आणि सोमवारपासून ऊस येऊ लागला. कावीळ झालेल्याला ऊस द्यायचा, हे त्यानेच तीस वर्षं सांगितलेलं. मोळ्याच्या मोळ्या. ओटा भरला, मग अंगण, मग कस्तुराबाईंचं अंगण.

त्याच सोमवारी तो चौकटीवर न वाजवता घराबाहेर पडला आणि किशनच्या काचेच्या दारातून आत जाऊन खुर्चीत बसला. स्टँडवरच्या माना काचेकडे वळल्या. किशनने उठून पडदा ओढायला घेतला. जगदेव म्हणाला, राहू दे. किशनने रक्त घेतलं, कापूस दाबून धरला, आणि पहिल्यांदाच तळहात पुढे केले नाहीत.

मधले तीन आठवडे वाईट गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. आकडा उतरत होता, पण जगदेवही उतरत होता. पुन्हा पहाटे चारला उठणं, पुन्हा खाट. मंगळवारी डॉक्टरबाईंचा फोन यायचा, त्यावर तो हो आणि नाही म्हणायचा. कस्तुराबाई रोज सकाळी येऊन खाटेसमोर खुर्ची टाकून बसत आणि गुडघ्याच्या नऊ उपायांपैकी एकेक वाचून त्याला विचारत, हा करू का. तो नको म्हणे. उंटाच्या लिदीपाशी तो पाचव्या दिवशी हसला. तेही लिहिलं गेलं.

आठशेचा आकडा दीडशेवर आला तेव्हा डॉक्टरबाईंनी दुसरी गोळी सुरू केली.

याच दिवसांत किशनची पंचाईत झाली होती. रिपोर्टशिवाय हात धुणार नाही म्हटल्यावर रविवारी सकाळी लॅबपुढे झुंबड. कोणी मध्ये घुसे, कोणी दुसऱ्याच्या नावाने रक्त देई, चंपाबाई नवऱ्याऐवजी स्वतःचं द्यायला तयार. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी किशन घरी आला आणि खाटेवर बसलेल्या जगदेवला म्हणाला, “काका, माह्याच्यानं रांग नाही आवरत. तुमी या.”

जगदेव गेला तो उन्हं वर येईपर्यंत काचेच्या दाराशी उभा राहिला. कोण आधी आलं, कोणाला उपाशीपोटी थांबवायचं, कोणाला खाली बसवायचं, त्याला कागद लागला नाही. पुढे सरका, दार सोडून उभे राहा, म्हातारीला जागा द्या, हे शब्द त्याच्या तोंडून दोन वर्षांनी बाहेर पडत होते. त्या रविवारी आलेल्यांपैकी एकाला किशनने तिथूनच गाडी करून वाशीमला पाठवलं, कारण त्याचा आकडा परातीने उतरण्यासारखा नव्हता. तो वाचला. त्याचंही श्रेय लोकांनी जगदेवलाच दिलं. किशन आता त्यावर काही बोलत नाही. एकदा गर्दी ओसरल्यावर त्याने आतल्या मोरीत नेऊन जगदेवकडून आपले हात धुऊन घेतले. पाणी पिवळं झालं. दोघांनी ते मोरीत ओतलं आणि चहाला गेले.

अठ्ठावीस डिसेंबरच्या रविवारी जगदेवचा रिपोर्ट छत्तीस आला. किशनने तो आकडा शाईने दोनदा गोल केला. जगदेव घरी आला, चौकटीवर एक टक केली, आणि संगीताने ताट वाढायला घेतलं.

कस्तुराबाईंनी संध्याकाळी डायरी उघडली. वर्ष संपत आलं होतं, डायरीची शेवटची पानं, आणि त्यांनी लिहिलं:

नळ आला नाही. जगदेवभाऊ सकाळी साडेसातला बाहेर, दोन टकटक. रिपोर्ट ३६. अंगणातले उरलेले ऊस वाळले होते, ते तोडून चुलीत घातले. पाणी लवकर तापले.